गूगल क्लाउडची ‘एनेबल्ड’ यादी: आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या विश्रामबागेत आमचं दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी बेदाण्याच्या लॉटचं ॲप चालवतो. प्रोग्रॅम क्लाउड रनवर, म्हणजे गूगलच्या प्रोग्रॅम चालवणाऱ्या सेवेवर, रीजन मुंबई, आणि सौद्याचा दिवस सोडला तर वर्दळ नाहीच. एपीआय म्हणजे काय, प्रोजेक्ट कसा उघडायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मला बोलायचंय ते फक्त प्रोजेक्टमधल्या चालू (‘एनेबल्ड’) सेवांच्या, म्हणजे एपीआयच्या, यादीबद्दल.

सुरुवात बिलावरून झाली. महिन्याला साडेतीनशे रुपये कुठूनतरी जास्त जायला लागले. मालकांशी रक्कम वर्षाची ठरलेली, म्हणजे वरचे माझ्या खिशातून. यादी उघडली तर ४१ सेवा चालू, वापरात जेमतेम बारा. बिगक्वेरीसारख्या (मोठा डेटा तपासायची सेवा) काही नव्या प्रोजेक्टला जन्मतःच चालू मिळतात. बाकीच्या कुणी चालू केल्या बघावं म्हणून ऑडिट लॉग, म्हणजे कुणी काय बदललं याच्या नोंदी, काढला. या नोंदी ४०० दिवस राहतात, तेही फुकट. जिथं तिथं ईमेल माझाच.

यातली एक गोष्ट डोक्यात गेली ती गेलीच. एक सेवा चालू केली की तिला लागणाऱ्या दुसऱ्या सेवाही आपसूक चालू होतात. ती बंद केली तरी या मात्र चालूच. पाहुणा जेवून गेला आणि त्याच्याबरोबर आलेली मंडळी ओसरीवर पथारी टाकून! त्यातल्या एखाद्याला उठवायला जावं, तर ‘हिच्यावर अमकी अवलंबून आहे’ म्हणून अडवतात. ‘फोर्स’ लावला तर त्या अवलंबून असलेल्याही सोबत बंद. चार संध्याकाळी मी हेच करत बसलो. घरून दोनदा फोन आला, जेवण गार झालंय म्हणून.

चौथ्या संध्याकाळी सीक्रेट मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारी सेवा, बंद केलं. वापराच्या आलेखात एकही विनंती दिसत नव्हती आणि कुणी अडवलंही नाही. ॲप उघडून पाहिलं, व्यवस्थित चाललं. झोपलो.

सकाळी सौद्याच्या वेळेला कोल्ड स्टोरेजवरून आप्पांचा फोन. “ओ इंजिनियर, लॉट दिसंना झालेत की! हितं व्यापारी उभं हायती.”

डेटाबेसचा पासवर्ड सीक्रेट मॅनेजरमध्ये होता आणि क्लाउड रन तो वाचतं इन्स्टन्स, म्हणजे प्रोग्रॅमची चालती प्रत, सुरू होताना. संध्याकाळचा इन्स्टन्स आधीच सुरू झालेला, म्हणून चालला. रात्री कुणी वापरलं नाही, इन्स्टन्स शून्यावर गेले, आणि सकाळी नवा उठायला गेला तो उठेना. सेवा परत चालू केली, तर अंमल व्हायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं आप्पांनी फोन चालू ठेवून मला ऐकवली. सौदा कागदावर झाला.

चूक माझीच. आलेख पाहिला होता तो तासाभराचा, आणि तोही संध्याकाळचा. तीस दिवसांचा पाहायला हवा होता. आणि अवलंबून कोण, हे सांगतात ते सेवेवर सेवेचं. तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम कशावर उभा आहे, ते त्यात येत नाही.

एवढं करून बिल एका रुपयानं हललं नाही. इथं माझं मत बदललं. पैसे जातात ते वापराचे आणि साठवणीचे, एपीआय नुसतं चालू ठेवलं म्हणून बहुधा काही लागत नाही. बिलाचा तक्ता एसकेयूनुसार, म्हणजे एकेका बाबीनुसार, लावला तेव्हा चोर सापडला: आर्टिफॅक्ट रजिस्ट्री, प्रोग्रॅमच्या बांधलेल्या प्रतींचं कोठार. दर डिप्लॉयला, म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवला की, अशी एक प्रत (कंटेनर इमेज) मागं राहत गेली, ४० जीबी साचले. अर्धा जीबी फुकट, पुढं जीबीला महिना दहा सेंट. जुन्या इमेज आपोआप काढणारी क्लीनअप पॉलिसी लावून शेवटच्या पाच इमेज ठेवल्या. दहा मिनिटांचं काम.

मग यादी छाटणं वाया गेलं का? तसंही नाही. एखादी एपीआयची किल्ली (की) बाहेर फुटली तर बंद असलेली सेवा त्या प्रोजेक्टमध्ये कुणाला वापरता येत नाही, ही निश्चिंती आहेच. आता लागणाऱ्या सेवांची फाइल गिटमध्ये, कोडच्या बदलांची नोंद ठेवतो तिथं, ठेवलीय. महिन्यातून एकदा ‘जीक्लाउड सर्व्हिसेस लिस्ट’ या कमांडनं चालू सेवांची यादी काढून तिच्याशी ताडतो. काही बंद करायचं तर आधी टेस्ट प्रोजेक्टमध्ये, आणि तिथला इन्स्टन्स मुद्दाम नव्यानं उठवून.

यादी १७ वर आलीय. पाच अजून ओसरीवरच आहेत. पाचांपैकी तीन नक्की लागत नाहीत, हात शिवशिवतात. पण सध्या सीझन आहे आणि आप्पांनी माझा नंबर स्पीड डायलला टाकलाय.