एनआरसी १४२ सोयाबीन: वास गेला, उकळणं राहिलं

आमच्या बचत गटात सोयाबीनचं दूध आणि पनीर बनतं. यंदा त्यासाठी इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचं एनआरसी १४२ हे वाण घेतलं.

नेहमीचं सोयाबीन भिजवून गार पाण्यात वाटलं की मिक्सरचं झाकण काढताच कच्चट, उग्र दर्प नाकात शिरतो. दाणा फुटून पाणी लागलं की लायपॉक्सिजनेज नावाचं विकर त्यातल्या तेलावर काम सुरू करतं, त्याचा हा प्रताप. म्हणून आम्ही उकळत्या पाण्यात वाटायचो आणि बोटं भाजून घ्यायचो. या विकराच्या तीन प्रकारांतला मुख्य, लायपॉक्सिजनेज-२, या वाणात नाहीच. गार पाण्यात वाटलेल्या दुधाचा चहा सासूबाईंनी काही न बोलता संपवला आणि वर आणखी अर्धा कप मागितला. प्रकार १ आणि ३ दाण्यात आहेत, त्यामुळे नाक जवळ नेलं तर थोडा वास येतोच.

प्रथिनं पचू न देणारं कुनित्झ ट्रिप्सिन इनहिबिटरही यात नाही. म्हणून काही विक्रेते ‘कच्चंच दळून खा’ सांगतात. ऐकू नका! पचनात अडथळा आणणारे बोमन-बर्क इनहिबिटर आणि लेक्टिन शिल्लक असतात. दूध उकळायचंच, फक्त नेहमीइतका वेळ रटरटत ठेवावं लागत नाही.

हे दोन्ही ‘नसणं’ अप्रभावी जनुकांमुळे येतं, म्हणजे आई आणि बाप दोन्हींकडून मिळालं तरच. साध्या वाणाशी संकर केला तर पहिल्या पिढीच्या प्रत्येक दाण्यात दोन्ही प्रथिनं परत हजर. ते दाणे पेरून आलेल्या झाडावर एकेक ‘नसणं’ चारांत एका दाण्यात, दोन्ही मिळून सोळांत एकात. एकाच शेंगेतले शेजारी दाणेसुद्धा वेगळे निघू शकतात, आणि डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. पण एकदा स्थिर झालं की पुढे तसंच उतरतं. सोयाबीनचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे घरचं बियाणं बिनधास्त ठेवा.

खरी भेसळ मळणीयंत्रात आणि पोत्यात होते. एका दुकानातून हेच नाव सांगून सुटा माल मिळाला, त्याच्या दुधाला तोच जुना दर्प. टॅग असलेली शिवलेली पिशवीच मागा.

पाचात चार तारे. पनीर थोडं मऊ होतं, पण तो आमच्या लिंबाचा दोषही असेल.