रिसेप्शनच्या टोस्टचे फोटो: मडगावच्या फोटोग्राफरचा अनुभव

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या रिसेप्शनला व्याह्यांनी टोस्ट दिला, म्हणजे ग्लास उंचावून नवरानवरीला शुभेच्छा देणारं छोटं भाषण केलं. तेव्हाच्या फोटोग्राफरने तीसेक फोटो दिले; सगळ्यांत तोंडापुढे माईक आणि अंगावर एलईडी दिव्यांचे काळे पट्टे. व्याही गेल्या वर्षी वारले. ते बोलतानाचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही.

म्हणून डिसेंबरात भाचीच्या लग्नाला हे दुसरे फोटोग्राफर ठरवताना पहिलं तेच सांगितलं. सकाळी फोंड्याला मुहूर्त, संध्याकाळी मडगावला जावयाकडचं कॅथलिक पद्धतीचं रिसेप्शन, आणि मुलीकडचा टोस्ट मामाने, म्हणजे मी द्यायचा.

दोन दिवस आधी हे स्वतः हॉलवर आले. एलईडी दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, शटर जलद ठेवलं की पट्टे उमटतात, हे समजावलं आणि टोस्टपुरता मागचा स्क्रीन व जांभळे दिवे बंद ठेवायला डीजेला सांगून ठेवलं. मला केकच्या मागून काढून नवरानवरीच्या शेजारी, जरा तिरकं उभं केलं. माईक हनुवटीच्या खाली. माझा मोठा कागद बघून म्हणाले, "मामा, हे वाचताना मान वर येणार नाही." मग पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर मुद्दे लिहिले, शेवटची दोन वाक्यं पाठ केली.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते पुढचं. टोस्टच्या शेवटी "व्हिवा!" (चिरायू होवो!) म्हटल्यावर लगेच प्यायचं नाही, ग्लास खांद्याच्या उंचीला धरून मनात तीन आकडे मोजायचे. एकदा ग्लास ओठाला लागले की सगळ्यांचे चेहरे झाकतात. न पिणाऱ्यांना पाण्याऐवजी कोकम सरबत द्या, असंही त्यांनीच सुचवलं. मागून उजेड आला की त्याचा लाल रंग छान उठतो.

त्यांचा दुसरा माणूस फक्त माझ्या बहिणीवर नजर ठेवून होता. त्या फोटोत तिने एका हाताने पदर तोंडाशी धरलाय, दुसऱ्या हातातल्या कोकमाचा ग्लास कलंडायला आलाय, आणि ती लेकीकडे बघतेय. हा फोटो मी मोठा करून घेतला.

अल्बम मात्र एक महिन्याचा सांगून सव्वादोन महिन्यांनी आला, तोही चार फोन केल्यावर. त्याचा एक तारा कापतो. टोस्ट देणारं माणूस वयस्कर असेल तर ती हॉलवरची भेट आवर्जून मागून घ्या. आमच्याकडून त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.