टॅपवालं स्वाइप मशीन : तीन महिने वापरून

आर्णीजवळच्या आमच्या गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कापसाचे पैसे खात्यात येतात, मग लोक मोटारीच्या बिलाला कार्डच काढतात. म्हणून दिवाळीनंतर हे तळहाताएवढं, कार्ड नुसतं टेकवलं की पैसे घेणारं मशीन घेतलं. मशीनला पाचपैकी चार तारे. कंपनीच्या फोनवाल्यांना एकही नाही.

पहिल्या आठवड्यात निम्मी कार्डं घेतच नव्हतं. गिऱ्हाईक कार्ड घासे, आपटे, मग माझ्याकडे पाही. "काहून भाऊ, कार्ड मेलं का माहं?" फोन केला तर एकच मंत्र : बंद करून चालू करा. तीनदा केलं.

शेवटी धंद्याचं डोकं लावलं. मुदत संपलेलं एक कार्ड कात्रीनं कापलं, तर आत केसासारखी तांब्याची तार, काठाकाठानं चार-पाच फेरे. अरे, हे तर वाइंडिंग! कार्डात सेल नसतो. मशीनच्या कॉइलमध्ये उलटसुलट करंट खेळतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं कार्डाच्या कॉइलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो आणि त्यावर चिप चालते. ट्रान्सफॉर्मरचं दुसरं वाइंडिंग जसं. चिप आपला लोड कमीजास्त करते, तो फरक मशीनला जाणवतो, तेच तिचं बोलणं. आपल्या लाइनीत सेकंदाला 50 आवर्तनं, इथे 1 कोटी 35 लाख 60 हजार. कॉइलला कपॅसिटर जोडून तेवढ्यावरच बसवलेली असते.

घोळ माझ्या काउंटरचा होता. वरून जीआय पत्रा. पत्र्यात करंट भोवऱ्यासारखा फिरतो, मूळ क्षेत्राला मारतो, वर कॉइलचं जुळलेलं गणितही बिघडवतो. मोटारीचा कोअर पातळ स्टॅम्पिंग (पत्र्याच्या चकत्या) रचून करतात तो याच भोवऱ्यांपायी, हे मी दुकानातल्या पोरांना घोकून घेतो, अन् मशीन ठेवलं पत्र्यावर! सागवानाची दोन इंची फळी खाली सरकवली. तेव्हापासून क्वचितच एखादं कार्ड अडतं.

मशीन उघडून आतली कॉइल पाहायची फार खाज होती. पण उघडलं की आतल्या गुप्त किल्ल्या, म्हणजे व्यवहार सुरक्षित ठेवणारे सांकेतिक आकडे, पुसल्या जातात आणि मशीन कायमचं बसतं, म्हणून हात आवरला.

एक तारा कापला तो खुणेसाठी. कॉइल स्क्रीनभोवती आहे आणि चार कमानींची खूण इतकी फिकी, की लोक बटणांवर कार्ड ठेवतात. स्क्रीनवर सपाट धरा, चार सेंटिमीटरच्या आत. पाकीट तसंच टेकवू नका. आत दोन कार्डं असली की दोन्ही उत्तर देतात आणि मशीन गोंधळतं. 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे फुट व्हॉल्व्हसारखी किरकोळ बिलं झटक्यात होतात.

सध्या नवाच ताप आहे. फळी पाहून काही लोक कार्ड फळीलाच टेकवतात.