पान १५व्या शतकातलं, चित्र मात्र नंतरचं

युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची सुटी पानं, सोनेरी चित्रंवाली, इकडे यूकेत ऑनलाइन सर्रास मिळतात. कोणी घेणार असेल तर आधी हे वाचा.

मी घेतलेल्या पानासोबत सर्टिफिकेट होतं, पार्चमेंट (लिहिण्यासाठी तयार केलेलं कातडं) १५व्या शतकातलं, मागच्या बाजूचं अक्षर त्याच काळातलं. आणि गंमत म्हणजे ते अगदी खरं होतं! खोटं होतं पुढचं चित्र, राजकन्या, किल्ला, सोन्याचं आकाश, आणि पैसे तर मी चित्राचेच मोजले होते ना.

ओळखीच्या एका कॉन्झर्व्हेटर (जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या) ताईने पान यूव्ही दिव्याखाली धरलं तर राजकन्येच्या झग्यातून चर्चच्या गाण्याच्या चौकोनी नोट्स काळ्या काळ्या दिसायला लागल्या, म्हणजे गाण्याच्या पोथीचं खरं पान घेऊन एक बाजू खरवडली आणि त्यावर रंगकाम केलं. मायक्रोस्कोपखाली सोनं रंगाच्या वर बसलेलं, जुने कारागीर आधी वर्ख लावून घोटून घ्यायचे, रंग नंतर. मग एक्सआरएफ (एक्स-रे टाकून रंगात कोणती मूलद्रव्यं आहेत ते बघणारी तपासणी), पांढऱ्या रंगात शिसं सापडायला हवं तर तिथे टायटॅनियम, आणि तो पांढरा बाजारात आला १९२० च्या आसपास. विषय संपला. (निळ्यावर मात्र एक्सआरएफचं फार ऐकू नका, खरा लॅपिस (निळा दगड कुटून केलेला रंग) आणि १८२८ नंतरचा कारखान्यातला अल्ट्रामरीन निळा त्याला सारखेच दिसतात, तिथे मायक्रोस्कोपच हवा, कारखान्यातले कण बारीक आणि एकसारखे असतात.)

ट्रिक नवीन नाही. 'स्पॅनिश फोर्जर' (फोर्जर म्हणजे नकली माल बनवणारा) म्हणून ओळखला जाणारा एक जण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच करायचा, अशीच खरवडलेली पानं घेऊन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीच्या बेल ग्रीन यांनी त्याचं काम ओळखलं, पण माणूस कोण ते आजही कळलेलं नाही. आता त्याची पानं लोक 'फोर्जरची' म्हणून पैसे देऊन घेतात, काय बोलणार!

विकणाऱ्याला रिपोर्ट पाठवला तर उत्तर काय, "मॅडम, आम्ही पानाचं वय लिहिलं होतं, चित्राचं कुठे लिहिलंय?" लिस्टिंगमध्ये खरंच चित्रापुढे तारीख नाही, मुद्दामच. त्यामुळे रंगांचा रिपोर्ट मागा, रामन (लेझरने रंगद्रव्य ओळखणारी तपासणी) किंवा एक्सआरएफचा, आणि कोणी कार्बन डेटिंगचा कागद पुढे केला तर तो कातड्याचा आहे, रंगाचा नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. आणि त्याच्या दुकानात सध्या दुसरं पान लागलंय, शिकारीचं दृश्य, वर्णनात परत फक्त पार्चमेंटची तारीख.