अलर्टमॅनेजर आठ महिने वापरल्यावर: टुणटुण थांबली, मग शांततेची भीती वाटायला लागली

लातूरला आमचं छोटं ऑफिस आहे. मोंढ्यातले आडते, एमआयडीसीतल्या काही दाळमिल आणि उदगीर, औसा, निलंग्याकडच्या पतसंस्था यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ११ सर्व्हर आणि गावोगावच्या २७ इंटरनेट लिंक. आधी क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, एक स्क्रिप्ट पिंग मारून मशीन चालू आहे का बघायची आणि मेल पाठवायची. ऐन सोयाबीनच्या हंगामात, ऑक्टोबरात, सर्व्हरवर नजर ठेवणारं प्रोमिथियस आणि त्याच्या जोडीला अलर्टमॅनेजर बसवलं. हंगामात असले प्रयोग करू नयेत, पण ते जाऊ द्या.

प्रोमिथियस आकडे गोळा करतं आणि नियम तपासतं. निरोप कुणाला, कधी आणि किती वेळा द्यायचा ते अलर्टमॅनेजर ठरवतं. हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत हे पहिल्या आठवड्यात माझ्या नीट डोक्यात शिरलं नव्हतं. टेलिग्रामवर मेसेज जास्त यायला लागले की मी अलर्टमॅनेजरच्या फाइलमध्ये वेळा वाढवत बसायचो, आणि दुखणं असायचं प्रोमिथियसच्या नियमात.

आमच्याकडचं दुखणं म्हणजे लाईट. निलंग्याकडे लाईट गेली की दुकानातला राउटर इन्व्हर्टरवर जाताना एकदा बंद पडून चालू होतो. दोन-अडीच मिनिटांचा खेळ. माझ्या नियमात थांबायची वेळ, म्हणजे ‘फॉर’, होती १ मिनिट. त्यामुळे दर वेळी एक ‘बंद’ आणि एक ‘चालू’, असे दोन मेसेज. त्यात ग्रुपिंगच्या (कुठले अलर्ट एका मेसेजात बांधायचे त्या) जागी मी कुठून तरी उचललेले तीन टिंब ठेवले होते. त्याचा अर्थ ‘काहीच एकत्र करू नको’ असा होतो, हे नंतर कळलं. उदगीर रोडला जेसीबीनं फायबर तोडली त्या रात्री एकाच कारणाचे १४ मेसेज आले. सकाळी आमचा सपोर्टचा पोरगा म्हणाला, “सर, रात्रभर वाजूलालंय की ओ हे. मी तर ग्रुपच म्यूट केलाय.” तो एकटा नव्हता. पाच जणांच्या ग्रुपमध्ये चौघांनी म्यूट केलं होतं.

मग एक शनिवार बसून सगळं नव्यानं लिहिलं. गावाकडच्या लिंकसाठी ‘फॉर’ ५ मिनिटं, आपल्या डेटाबेससाठी १ मिनिटच ठेवलं. ग्रुपिंग तालुक्यानुसार केलं. लुकलुकणाऱ्या लिंकसाठी प्रोमिथियसमध्ये २.४२ आवृत्तीपासून ‘कीप फायरिंग फॉर’ (सुधारल्यावरही अलर्ट किती वेळ पेटता ठेवायचा) आलंय, ते १० मिनिटांवर ठेवलं. लिंक क्षणभर सुधारली म्हणून लगेच ‘चालू झाली’ अशी दवंडी पिटत नाही. एवढ्यानंच निम्म्याहून जास्त गोंगाट गेला.

अलर्टमॅनेजरच्या तीन वेळा मात्र समजून घ्याव्याच लागतात. मुळात पहिला मेसेज ३० सेकंद थांबून जातो, गटात काही बदललं तर ५ मिनिटांनी, आणि काहीच न बदलता तसंच राहिलं तर ४ तासांनी पुन्हा. यातली मधली वेळ फसवी. गटातली एक लिंक जरी हलली, तरी सगळी यादी पुन्हा येते. तालुक्यानुसार गट केल्यावर १४ मेसेजचा १ झाला खरा, पण तोच लांबलचक मेसेज दर ५ मिनिटांनी यायला लागला. कमी महत्त्वाच्या गटांना आता १५ मिनिटं दिली आहेत.

आणखी एक गंमत. टेलिग्रामवर ‘सुधारलं’ हा मेसेज आपोआप जातो, ईमेलवर मुळात जात नाही, तो चालू करावा लागतो. आमच्या मालकांना मेल जायचे. त्यांच्या हिशेबी ऑक्टोबरपासून एकही बिघाड दुरुस्त झालेला नव्हता!

वेळेच्या घोळाची गोष्ट मात्र माझ्या अंगाशी आली. साधे अलर्ट रात्री १० ते पहाटे ६ गप्प ठेवायचे होते. एका ओळीत मध्यरात्र ओलांडता येत नाही म्हणून दोन तुकडे केले आणि खुशीत झोपलो. रात्री दीडला फोन वाजलाच. वर सकाळी मोंढ्यात सौद्याची गडबड चालू, आणि ग्रुपवर चिटपाखरू नाही. साडेअकरानंतर सगळे अलर्ट गठ्ठ्यानं येऊन पडले. कारण साधं होतं: कुठली वेळ धरायची ते सांगितलं नाही तर अलर्टमॅनेजर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं, आणि आपण साडेपाच तास पुढे. माझी ‘रात्र’ पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा झाली होती. अलर्टमॅनेजरच्या ०.२५ आवृत्तीपासून तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहिता येतं. लिहिलं आणि मिटलं.

मोठा बिघाड असेल तर त्याखालचे छोटे अलर्ट दाबायची सोय आहे, तीही चांगली आहे. फक्त ज्या लेबलवरून (अलर्टला लावलेली खूण, जसं तालुक्याचं नाव) जोडी जुळवायची ते लेबल दोन्हीकडे असलंच पाहिजे. दोन्हीकडे नसेल तर ‘दोन्ही सारखेच’ असं समजून तो भलतेच अलर्ट दाबतो. माझा औशाचा राउटर पडला की उदगीरचे अलर्ट गायब व्हायचे.

मार्चपर्यंत दिवसाला सहा-सात मेसेजवर आलो. लोकांनी म्यूट काढलं. आणि मग मे महिन्यातला तो रविवार. वळवाचं वारं सुटलं, लाईट गेली, ऑफिसातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली. मॉनिटरिंगचं मशीन त्याच खोलीत, डेटाबेसही त्याच खोलीत. मी अहमदपूरला सासुरवाडीत आमरस खाऊन आडवा झालेलो. मध्ये एकदा फोन बघितला, ग्रुप शांत, बरं वाटलं. पाच तासांनी एका आडत्याचा फोन आला, “साहेब, तुमचं चालू हाय का बंद?”

गोंगाट होता तेव्हा तासभर मेसेज आला नसता तर मला लगेच चुकल्यासारखं वाटलं असतं. तो कमी केल्यावर शांतता म्हणजे ‘सगळं ठीक’, असं मीच धरून चाललो. त्यामुळे कुणी मला विचारलं तर मी सांगतो, एकही अलर्ट कमी करायच्या आधी वॉचडॉग लावा. कायम पेटलेला एक अलर्ट ठेवायचा, तो दर ५ मिनिटांनी बाहेरच्या यंत्राकडे जातो. आम्ही एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतलाय. त्याला १५ मिनिटं काही मिळालं नाही तर तो माझा फोन वाजवतो. आतापर्यंत दोनदा वाजलाय, दोन्ही वेळा खरा.

तक्रारी आहेत. ‘याने उचललं नाही तर त्याला कळव’ अशी साखळी अलर्टमॅनेजरमध्ये नाही, ती वेगळी जोडावी लागते. मराठी मेसेज मात्र सुंदर येतात. काल आलेला: “औसा, लिंक ६ मिनिटांपासून बंद. आधी दुकानात लाईट आहे का विचारा.” ती दुसरी ओळ मी घातली, आणि निम्मे फोन तिथेच संपतात.

त्या पोराला परवा विचारलं, ग्रुपचं म्यूट काढलं का. म्हणाला, “काढलंय की. पण आता सर्व्हरपेक्षा तुमचेच गुड मॉर्निंग जास्त येऊलालेत.”