जुन्या पिकअपची बेंच: भरून घ्यावी की बदलावी?

माझा अनुभव शेव्हर्ले ३१०० या जुन्या पिकअपचा आहे, पण फार्गो-डॉजच्या पिकअपवाल्यांनाही तो बराचसा लागू पडावा. बेंच म्हणजे केबिनभर एकच सलग सीट. ती फाटून स्प्रिंगा मांडीला टोचू लागल्या की गॅरेजात दोन सल्ले मिळतात. मूळ लोखंडी सांगाडा ठेवा आणि तो नव्याने भरून घ्या. किंवा हे भंगार काढा आणि प्लायवर फोमची नवी बेंच करून टाका. माझ्या गाडीने दोन्ही पाहिलंय. आधीच्या मालकांनी फोमची बेंच बसवली होती, पण मूळ सांगाडा भंगारात घातला नव्हता. गाडी घेतली तेव्हा तो मागच्या हौद्यात दोरीने बांधून सोबत आला.

नवी बेंच अगदीच टाकाऊ नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर माप द्या, रंग दाखवा, काम झटपट होतं. शिवाय जुन्या स्प्रिंगांवर शेजारचा जाडजूड माणूस बसला की आपण वर उचलले जातो, खड्डा आला की दोघंही. फोमवर ते होत नाही, करकरही नाही. कंबरेचं दुखणं असेल तर मी कोण तुम्हाला अडवणारा? उंची तेवढी आधी तपासा. माझी बेंच थोडी उंच झाली होती आणि त्या थाळीएवढ्या स्टिअरिंगखाली मांडी घासायची. पण याची सवय झाली असती.

सवय झाली नाही ती वासाची.

या गाड्यांत पाणी येतंच. काचेखालची हवेची झडप, दाराचे रबर, फ्लोअरचे जोड, कुठून तरी वाट काढतंच. मुंबईच्या पावसात गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असेल तर आतली हवासुद्धा ओली. फोम ते सगळं पिऊन घेतो. वरून रेक्झिन आणि खालून प्लाय, मग ओल जाणार कुठे? जुलैत वास सुरू व्हायचा, ओल्या गोधडीसारखा कुबट, आणि गणपती उठले तरी हटायचा नाही. कापूर झाला, डांबराच्या गोळ्या झाल्या, कोणी सांगितलं म्हणून कॉफीची पूडही ठेवली. मग कुबट वासाला कॉफीचा वास यायला लागला! गाडीतून उतरून कुणाकडे गेलो की सदऱ्याला तो चिकटलेला. घरच्यांनी दिवाळीपर्यंत त्या गाडीचं नाव काढणं सोडलं. गच्चीत उन्हाला टाकावी तर पाठ आणि बैठक एकत्र जोडलेली, दोन माणसांशिवाय हलत नाही. त्यातून १९४९ पासून या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागेच आहे. तिच्याकडे नुसतं बघायचं म्हटलं तरी तीच उचलाउचल.

चांगल्या दर्जाचा फोम घेतला, प्लायला भोकं पाडली, तर कदाचित एवढा त्रास होणार नाही. माझ्या बेंचच्या पोटात रीबॉण्डेड, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून केलेला चुरा निघाला, हे मान्य करायला हवं.

सांगाड्याचं काम कटकटीचं आहे, लपवत नाही. सीट भरायला काथ्या म्हटलं की तरुण कारागीर हसतात. पद्मिनी टॅक्सीच्या सीटा भरलेले जुने हात शोधा. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली, पण ते हात अजून आहेत. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ शेव्हर्ले गाड्या जोडल्या. त्या जमान्यातला हा सांगाडा, आणि इतके पावसाळे काढून गंज फक्त मागच्या पट्टीला आणि काही स्प्रिंगांना. खरवडून रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारला, तुटक्या स्प्रिंगा बदलल्या. वेल्डिंग मात्र सीट गाडीतून बाहेर काढूनच करा, मागे टाकी आहे हे कारागिराला सांगितल्याशिवाय कळत नाही. स्प्रिंगांवर गोणपाट घालतात ते मी टाळलं, कुजतं म्हणून. त्याऐवजी कॅनव्हास, त्यावर रबराइज्ड काथ्याची शीट, वर इंचभर फोम आणि रेक्झिन. खालची बाजू उघडी.

ओल इथेही येते. पण दोन दिवस उघडीप मिळाली, दारं उघडी टाकली, की निघून जाते. गेल्या पावसाळ्यात नाक फारसं मुरडावं लागलं नाही, माझं मोजमाप तेवढंच. खर्चाचं म्हणाल तर दोन्हीत फार अंतर पडेल असं वाटत नाही, वेळ मात्र या कामाला बराच जास्त लागतो. जुन्या गाड्यांच्या रॅलीत गाडी न्यायची असेल तर परीक्षकांच्या नजरेलाही हीच बरी दिसते.

सांगाड्याची मागची पट्टी बोटाने दाबली तर चुरा होत असेल, किंवा गाडी बंद, कोरड्या गॅरेजात राहत असेल, तर नवी बेंच घ्या, मी वाद घालणार नाही. गाडी उघड्यावर असेल तर दोनदा विचार करा.

कव्हर शिवताना बैठकीवर उभे पट्टे घालू नका. दिसतात छान, पण प्रत्येक टाक्यातून पाणी आत जातं. बैठक सपाट ठेवा, पायपिंग (शिवणीतली गोल किनार) कडेला, दोरा पॉलिएस्टरचा. काम एप्रिलात द्या. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर हे सगळे कारागीर लोकांच्या सोफ्यांत अडकलेले असतात, आणि तुमची सीट दुकानाबाहेर फुटपाथवर पडून राहते.