शाळेसाठी घेतलेला हायड्रोजनचा संच : वर्षभर वापरून

आमची शाळा लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. गेल्या वर्षी आठवी-नववीसाठी फ्युएल सेलचा, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलचा, छोटा संच मागवला. साडेचार हजार रुपये लागले, त्यातले निम्मे माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिले. वर्ष झालं, आता सांगण्याजोगं बरंच साठलंय.

डब्यात तळहाताएवढा सोलर पॅनल, काडेपेटीपेक्षा जरा मोठा सेल, खुणा असलेल्या दोन उभ्या नळ्या, एक सिरिंज आणि प्लॅस्टिकचा पंखा. सेलमध्ये पातळ पडदा असतो. पॅनल उन्हात ठेवून सेलला जोडला की पाणी फुटून एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन जमतो. मग पॅनल काढून पंखा जोडायचा. तोच सेल उलटा चालतो, दोन्ही वायूंचं पुन्हा पाणी होतं आणि वीज मिळते.

पहिल्या दिवशी व्हरांड्यात सगळी पोरं नळ्यांना नाक लावून बसली होती. हायड्रोजनच्या बाजूचं पाणी दोन खुणा खाली गेलं, तेव्हा ऑक्सिजनच्या बाजूचं एक. एचटूओ पाठ तर सगळ्यांचं होतं, पण त्यातला ‘टू’ डोळ्यांनी त्या दिवशी दिसला. आणि मग मागून ओरड आली, “बाई, पंखा फिरायलाय!” एवढ्यासाठीच पैसे वसूल झाले असं मला वाटतं.

तक्रार दोन गोष्टींची. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. शुद्ध पाणीच वापरा ही सूचना त्यात सातव्या पानावर, बारीक अक्षरात. दुसऱ्या महिन्यात एका मुलाने टाकीतलं बोअरचं पाणी भरलं. आमचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरा थर बसतो. आठवडाभरात वायू निघायचा मंदावला. विक्रेत्याने पडदा वॉरंटीत येत नाही म्हणून हात वर केले, नव्या सेलला अठराशे पडले. ही सूचना डब्यावरच मोठ्या मराठी अक्षरांत हवी. आता बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणते, तो सहा महिने पुरतो.

पाण्यावरूनच खरी चर्चा पेटली. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ही मुलं तेव्हा लहान, पण घरोघरी ती आठवण अजून निघते. एक मुलगी उठून म्हणाली, “प्यायला पाणी नव्हतं बाई, अन् त्याचा गॅस करायचा?” माझ्याही मनात तेच होतं. म्हणून फळ्यावर हिशेब मांडला. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी फुटतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं (हरित म्हणजे मुख्यतः सौर-पवन अशा विजेने पाणी फोडून काढलेला), त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांची क्षमता उभी करायची आहे. गुणाकार केला तर पाणी येतं सुमारे १.६ टीएमसी. शुद्ध करताना आणि यंत्र थंड ठेवताना जाणारं पाणी वेगळं. आपलं जायकवाडी शंभर टीएमसीच्या वरचं. म्हणजे देशाच्या हिशेबात पाणी धरण आटवण्याएवढं नाही. पण कारखाना टँकर चालणाऱ्या तालुक्यात काढला, तर त्या तालुक्याला तेही फार होईल.

खरी गळती विजेत आहे, आणि ती या संचातच दिसते. मल्टिमीटर लावला तर पाणी फुटताना सेलवर १.७ व्होल्ट, पंखा फिरताना ०.७. एक रुपया सत्तर पैसे घातले, सत्तर पैसे परत आले. एका पालकांनी विचारलं, हायड्रोजनवर ट्रॅक्टर चालेल का? चालेल, पण तीच वीज बॅटरीत भरली तर त्यातली बरीच जास्त हाती येते. म्हणून जिथे हायड्रोजनशिवाय गत्यंतरच नाही तिथे तो आधी जावा, असं माझं ठाम मत आहे : खतं, पोलाद, तेलशुद्धीकरण.

खताचं उदाहरण पोरांना लगेच पटलं, कारण युरियाचं ४५ किलोचं पोतं प्रत्येकाच्या घरी येतं. त्या एका पोत्यामागे साडेचार किलो हायड्रोजन लागतो, आणि आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात, त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्यातून काढायचा तर चाळीस लिटर पाणी आणि सव्वादोनशे युनिटच्या वर वीज. शिवाय युरियाला कार्बनही लागतो. आज तो त्याच वायूतून मिळतो, उद्या तोही दुसरीकडून आणावा लागेल. हे बदलायला वर्षं जाणार. माझ्या नववीतली काही पोरं तोवर त्या कारखान्यांत कामाला लागलेली असतील, असं मला मनापासून वाटतं.

घ्यायचा असेल तर सेल सुटा मिळणाराच संच घ्या. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कपाटात टाकू नका, पडदा वाळला की चिरतो. मी घरी आणते. दर पंधरा दिवसांनी सिरिंजने थोडं पाणी सोडायचं, नळ्यांना टोपणं लावायची, आणि माठाशेजारी सावलीत ठेवायचा.